चढाचा खुराक

आमच्या मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, एक ठाम म्हणणं होतं. घाट चढायचा तर आधी पोटभर खायला घालावं. बैलाला, माणसाला आणि स्कूटरला. पहिल्या दोघांच्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं. तिसऱ्याच्या बाबतीत साफ चूक होतं, आणि हे त्यांना तोंडावर सांगायला अख्ख्या चौक गावात मी एकटीच निघाले. निघाले म्हणजे काय, दोन वर्षं जीभ चावून गप्प बसले आणि एक दिवस बसवेना.

सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा मुंबई-पुणे रस्ता एकच, आणि तो आमच्या दारावरून जायचा. दारात पत्र्याचं गॅरेज. ट्रक-मोटारींचं काम शेजारचे करायचे, आमच्याकडे फक्त दुचाक्या. गॅरेज मामंजींचं. माझा नवरा रसायनीच्या कारखान्यांचा माल वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर, तो आठवड्यातले चार दिवस बाहेरच. मी कर्जतची, नववी पास. लग्न होऊन आले तेव्हा पाना आणि पकड यातला फरकही मला माहीत नव्हता. पण तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी माझ्यापुढे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आपटला. डबा स्पार्क प्लगांनी भरलेला, सगळे काळेकुट्ट.

"भांडी घासतेस तसे हे पण घास," त्या म्हणाल्या. "येवढी वर्सं मी घासले. आता तुजी पाळी."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्लग म्हणजे इंजिनातली काडेपेटी. त्याच्या टोकाला ठिणगी पडते, पेट्रोलची वाफ पेटते आणि गाडी पळते. टोकावर काजळी बसली की ठिणगी मरते, मग किक मारमारून पाय गळ्यात आला तरी गाडी हूं की चूं करत नाही. मी ते प्लग रॉकेलमध्ये भिजवायचे, तारेच्या ब्रशनं घासायचे आणि फडक्यावर ओळीनं वाळत ठेवायचे. पहिले सहा महिने रडतच केलं ते. नखं काळी, बोटं काळी, माहेरी गेले तर आई म्हणाली, "कोळशाच्या वखारीत दिलं का गं तुला?"

मग मला त्याची गोडी लागली. कशी लागली ते विचारू नका, मलाही कळलं नाही. स्वयंपाकघरात दिवसभर भिंतीशी बोलायचं, त्यापेक्षा गॅरेजातल्या त्या कोपऱ्यात बरं वाटायचं. इंजिनाच्या आवाजावरून मामंजी म्हणायचे, "हिचा वायसर गेलाय," आणि खरंच गेलेला असायचा. मला ते यायला हवं होतं. मागच्या भिंतीशी त्यांचं एक लाकडी बाकडं होतं, त्यावर बसून ते कार्बोरेटर खोलायचे. त्या बाकड्यावर बसावं असं मला मनापासून वाटायचं, दुसऱ्या बायकांना पाटल्या कराव्याशा वाटतात तसं. आता बायकांनी बाकड्यावर बसायचं नाही असा काही कायदा नव्हता. पण बसलीही नव्हती कुणी.

मामंजींचे वडील खोपोलीला, बोरघाटाच्या पायथ्याशी, बैलजोडी घेऊन उभे असायचे. खालून भरलेली बैलगाडी आली की तिच्या बैलांपुढे आपली जोडी जुंपायची, घाट चढवून द्यायचा, वर जोडी सोडायची आणि मोकळी खाली आणायची. हाच धंदा. जुंपायच्या आधी बैलांना पेंड आणि गुळाचा खुराक. मामंजी त्या पेंडीच्या वासात वाढले. पुढे बैल गेले, मोटारी आल्या, त्यांनी हत्यारं हातात घेतली, पण डोक्यातला खुराक काही गेला नाही. घाट चढणारी स्कूटर आली की ते तिचा कार्बोरेटर खोलायचे. त्यात जेट नावाचा पितळेचा एवढासा तुकडा असतो, त्याच्या भोकातून पेट्रोल येतं. त्या भोकात ते बारीक कानस घालून फिरवायचे आणि भोक मोठं करून द्यायचे. शिवाय टाकीत एक घोट ऑइल जास्तीचं.

"चढ हाय ना म्होरं," म्हणायचे. "खाऊन जाऊ दे तिला."

आणि ती खाऊन गेलेली स्कूटर घाटात ट्रकांच्या मागे रांगत, फटफट करत, धूर ओकत अर्ध्यावर बंद पडायची. अर्ध्यावर म्हणजे नेमकी धनगराच्या देवळाच्या आसपास. ज्या धनगरानं ही घाटाची वाट दाखवली म्हणतात, त्याचं ते देऊळ. येणारे-जाणारे सगळेच तिथे पैसा टाकतात. आता गाडी रोज देवळापाशीच बंद पडते म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं? देवाचा थांबा आहे म्हणून समजले. स्कूटरवाले खिशात नारळासारखा एक जादा प्लग घेऊनच घरून निघायचे. देवळाशी थांबायचं, पैसा टाकायचा, हात जोडायचे, प्लग बदलायचा आणि पुढे. परतताना काळा झालेला प्लग आमच्या डब्यात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. देव काही प्लग मागत नसतो हो! पण बोलणार कोण?

मी डब्यात डोकं घालून बसायचे म्हणून मला एक गोष्ट दिसली. सगळे प्लग काळे नव्हते. मधूनच एखादा पांढरा निघायचा, भाजलेल्या हाडासारखा, टोक फुगून खरबरीत झालेलं. मी ते वेगळे ठेवायला लागले. मग गाड्यांचे नंबर बघायला लागले. मुंबईकडची गाडी घाट चढून परत आली की प्लग काळा. पुण्याकडची गाडी घाट उतरून आमच्यापर्यंत आली की कधीकधी प्लग पांढरा. एका पुणेकराचं तर इंजिनच आमच्या दारात जाम झालं, पिस्टन आत चिकटून बसला. तो माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, "वर पुण्यात फर्स्टक्लास चालत होती हो!"

वर फर्स्टक्लास आणि खाली जाम. खाली फर्स्टक्लास आणि वर काळी. रस्ता तोच, घाट तोच. मी तीन दिवस भाकऱ्या करपवल्या, सासूबाईंची बोलणी खाल्ली, पण ते डोक्यातून जाईना.

उत्तर मिळालं स्टोव्हपाशी. आमचा वातीचा स्टोव्ह पिवळा जळत होता, भांड्यांची बुडं काळी होत होती. सासूबाई ओरडल्या, "अगं, वाती खाली कर! हवा पुरंना त्याला." वाती खाली केल्या, ज्योत निळी झाली, काजळी थांबली. आणि मला एकदम माझी मावशी आठवली. ती माथेरानला राहायची. आम्ही लहानपणी गेलो की म्हणायची, "इथं डाळ शिजायला वेळ लागतो बाई. उंचावर हवा पातळ." अगं बाई! हवा पातळ. म्हणजे घाटात वर वर जाल तशी इंजिनाला हवा कमी मिळणार. पेट्रोल मात्र तेवढंच येत राहणार. त्यात मामंजींनी भोक मोठं केलेलं. म्हणजे वाती वर आणि हवा कमी, काजळी धरणार नाही तर काय होईल? चढाला इंजिनाला जास्त नाही, कमी खायला घालायला हवं. आणि पुणेकराची गाडी वरच्या पातळ हवेच्या मापानं बसवलेली. ती खाली दाट हवेत आली की पेट्रोल कमी पडणार, इंजिन तापणार, प्लग पांढरा होणार. मी स्टोव्हपाशी बसल्या बसल्या टाळी वाजवली. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला भूतबाधाच झाली.

पण सांगणार कशी? मामंजी तापट नव्हते, तापट मी. ते नुसते गप्प व्हायचे, आणि त्यांचं गप्प होणं जास्त लागायचं. मी दोन-तीनदा आडून सुचवून पाहिलं. "हूं," म्हणाले आणि कानस फिरवत राहिले.

मग आला तो केमिस्ट. रसायनीच्या कारखान्यात कामाला, बायको-मुलं लोणावळ्याला. दर शनिवारी हा स्कूटरवरून घाट चढून घरी जायचा, आणि दर शनिवारी देवळाशी बंद पडायचा. चौथ्यांदा आला तेव्हा गाडी आमच्या दारात लावून म्हणाला, "काका, शनिवारपर्यंत ठेवतो. या वेळी बंद पडली तर मी खोपोलीच्या नव्या गॅरेजात जाईन. आणि आमच्या कॉलनीतले सगळेच जातील, सांगून ठेवतो." कॉलनीतल्या स्कूटरी म्हणजे आमचं निम्मं काम. तो एसटीनं निघून गेला. मामंजी बाकड्यावर बसले, कार्बोरेटर खोलला, जेट काढला आणि कानस उचलली.

"मामंजी, भोक मोठं करू नका," मी म्हणाले.

समोरच्या टपरीवरचा चहावाला ग्लास विसळत होता, तो थांबला. मी पदर सावरला, पण जीभ सावरली नाही.

"मग काय बारीक करू?"

"हो. बारीकच करा."

"चढाला? उपाशी?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सूनबाई, उपाशी चढवलेला बैल मी बगितलाय. बाप तापानं पडला व्हता. मी तरणा, मीच जोडी नेली. पेंड संपली व्हती, तरी जुंपली. तिसऱ्या वळणावर आमचा तांबडा खाली बसला तो उठलाच नाय. त्याची मान मांडीवर घेऊन बसलो व्हतो मी. पुन्यांदा मला सांगू नको चढाला कमी घाल म्हनून."

हे मला माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं, सासूबाई दारात येऊन तशाच उभ्या राहिल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण वाईट वाटूनही माझं तोंड बंद झालं नाही.

"बैलाला चारा लागतो, मामंजी. याला चारा आणि हवा दोन्ही लागतं. वर हवाच कमी आहे, तर नुसता चारा कोंबून काय होणार? अति तिथं माती. हे बघा ना, डब्यात बघा!" आणि मी डबा त्यांच्यापुढे ओतला. काळे एकीकडे, पांढरे दुसरीकडे. सगळं सांगितलं, स्टोव्ह, मावशी, पुणेकर, सगळं. त्यांनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर रस्त्याकडे बघत बसले.

"बरं," म्हणाले. "तुज्या हिशोबानं बांद गाडी. शुक्रवारी मी सोता चालवीन. खंडाळा आनि परत चौक. प्लगाला हात नाय लावायचा. आली तर आजपासून कार्बोरेटर तुजं, बाकडं तुजं. नाय आली तर डबा पन घासायचा नाय, गॅरेजात पाय ठेवायचा नाय. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

"हरंल त्यानं पोपटी लावायची!" टपरीवरून चहावाला ओरडला. जानेवारी होता, शेतात वाल भरला होता. पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्ड्याच्या पाल्यानं तोंड बंद करायचं आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. आमच्याकडे हरणं-जिंकणं पोपटीशिवाय पुरं होत नाही.

आता बोलून बसले खरी, पण बारीक जेट आणायचा कुठून? दुकानात मिळायला पनवेल नाहीतर मुंबई गाठायला हवी. मग मी माझ्या परीनं अक्कल चालवली. गोधड्या शिवायचं दाभण घेतलं. ते टोकाकडून निमुळतं असतं. मामंजींनी कोरलेल्या जेटमध्ये ते घातलं, जिथं अडकलं तिथं लाल दोरा बांधला. कपाटात कंपनीचा न कोरलेला एक जेट होता, त्यात घातलं, ते अलीकडेच अडकलं. तिथं पांढरा दोरा. हे झालं सपाटीचं माप. मग एका जुन्या जेटमध्ये कथील वितळवून भोक बुजवलं आणि दाभणाच्याच टोकानं पुन्हा उघडत आणलं, पांढऱ्या दोऱ्याच्या जरा अलीकडे दाभण अडकेपर्यंत. हे घाटाचं माप. तीनदा चुकलं. पहिलं भोक वाकडं पडलं, दुसरं जास्त मोठं झालं, तिसऱ्या वेळी कथील निघून हातात आलं. चौथा जमला. तो पदराच्या गाठीत बांधला आणि दोन दिवस मंगळसूत्रासारखा जपला.

शुक्रवारी सकाळी निघालो. मी हट्टानं मागे बसले. जेट माझा, बदलणार मी. सासूबाईंनी दोनदा नको म्हणून पाहिलं. सासऱ्याच्या मागे सून स्कूटरवर, लोक काय म्हणतील? गाडीला बसायच्या दोन वेगवेगळ्या सीटा होत्या, मध्ये वीतभर जागा, तरी त्यांनी तिथे एक घडी घातलेली गोधडी खोचलीच. मी डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला पाय सोडून बसले. टपरीवरचे सगळे उभे राहून बघत होते. मीही त्यांच्याकडे बघितलं, खाली मान घातली नाही.

खोपोलीपर्यंत सपाटीचा जेट. घाटाच्या तोंडाशी एक वड होता, त्याच्या सावलीत गाडी उभी केली. मामंजी हळूच म्हणाले, "हितंच. हितंच जुंपायचे आमी." मी गाठ सोडली, घाटाचा जेट बसवला. स्क्रू दोनदा मातीत पडला. ते पाठ करून उभे होते. बघवत नसावं त्यांना.

आणि चढायला लागलो. पुढे मालाचा एक ट्रक, माणूस चालेल तेवढ्या वेगानं जाणारा. त्याच्या मागे पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर मामंजींचे खांदे ताठ झाले. तेच वळण असणार. मी मनात म्हटलं, बाई गं, इथं नको, कुठंही पड पण इथं नको. इंजिन आपलं एका सुरात चाललेलं. फटफट नाही, धूर नाही. ट्रकनं बाजू दिली तशी मामंजींनी मूठ पिळली आणि गाडी पुढे सरकली, कुरकुर न करता. मला ओरडावंसं वाटलं.

देऊळ आलं. दोन स्कूटरी तिथे उभ्याच होत्या, मालक खाली बसून प्लग उघडत होते. मामंजींचा हात सवयीनं खिशाकडे गेला, तिथे आज प्लग नव्हताच. मग त्यांनी पैसा काढला, चालत्या गाडीवरून देवळाकडे टाकला, कपाळाला हात लावला, आणि आम्ही पुढे निघून गेलो. ते दोघे मान वर करून आमच्याकडे बघत राहिले, एक म्हातारा, मागे पदर घेतलेली बाई, आणि न थांबलेली स्कूटर. त्यांचे चेहरे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

खंडाळ्याला पोचलो. मामंजी उतरले आणि इंजिनाशेजारी हात धरून उभे राहिले, जनावराचं अंग बघावं तसे.

"दमली नाय," ते म्हणाले.

एवढंच. पण मला आणखी काय हवं होतं? चहा आला, मी दोन कप प्यायले. आणि मग माझ्या तोंडाचा जो पट्टा सुरू झाला म्हणता! परतीच्या वाटेवर घाटभर मी बोलत होते. "बघितलंत ना? मी म्हटलं नव्हतं? हवा पातळ असते हो! आता बाकडं जरा खिडकीकडे सरकवायला हवं, मला उजेड लागतो. आणि ती कानस टाकून द्या आधी." सासऱ्यापुढे इतकं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. ते वळणं घेत, ब्रेक दाबत गाडी खाली उतरवत राहिले.

घाट संपला, तो वड आला, आणि गाडी थांबली.

इंजिन बंद. माझं बोलणंही बंद. चौक अजून दूर होतं, आणि ठरलं होतं परत चौकपर्यंत. गेलं सगळं, मी म्हटलं. बाकडं गेलं, डबा गेला, उद्यापासून पुन्हा भिंतीशी बोलायचं. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायलाही सुचेना.

"बंद पडली का हो मामंजी?"

"बंद पडली नाय. मी बंद केली." त्यांनी गाडी स्टँडला लावली. "चढाची जोडी सपाटीला कोन हाकतो गं? चढापुरतीच असती ती. हितनं म्होरं ह्या बारक्या जेटावर पळवली तर काय हुईल?"

मी पदरानं डोळे पुसले.

"त्या पुनेवाल्यावानी जाम हुईल," ते म्हणाले. "पांडरा प्लग. तूच येगळे काढून ठेवलेस की. सात हायत."

सातच होते. मी डबा ओतला तेव्हा त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. म्हणजे नंतर, मी स्वयंपाकघरात असताना, त्यांनी एकट्यानं तो डबा उघडला होता. एकेक प्लग हातात घेऊन पाहिला होता, मोजला होता. आणि जिनं ते शोधून काढलं ती मी, जिंकल्याच्या तोऱ्यात सगळं विसरून बसले होते. केमिस्टची गाडी मी माझ्याच हातांनी जाळणार होते. तोंडात मारल्यासारखं झालं.

मी गोधडीत ठेवलेला सपाटीचा जेट काढला. त्यांनी तो माझ्याकडून घेतला आणि स्वतः बसवला. न कोरलेला जेट, स्वतःच्या हातानं. मग बारीक जेट माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "बांद गाठ."

चौकला आलो तेव्हा टपरीवर पंधरा-वीस माणसं जमली होती. सासूबाई रस्त्याच्या कडेला. मामंजींनी सगळ्यांसमोर प्लग खोलला. ना काळा, ना पांढरा. छान बिस्किटी रंग. हातोहात फिरला तो, जणू प्रसादच.

"मग काय?" चहावाल्यानं विचारलं. "देवाशी थांबलात का नाय?"

"नाय थांबलो."

"आनि कुठं थांबलात? खरं सांगा. कोन हरलं?"

खरं म्हणजे सांगायला हवं होतं मी. वडाखाली काय झालं ते ठाऊक असलेले आम्ही दोघंच.

"मी हरलो," मामंजी रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "जा रे कुनीतरी, भांबुर्डा घेऊन या. मडकं मी देतो."

त्याच दुपारी त्यांनी बाकडं खिडकीकडे सरकवलं. शनिवारी केमिस्ट आला, त्याला मी दोन जेट दिले, एक चढाचा, एक सपाटीचा, आणि वडाखाली पाच मिनिटांत कसा बदलायचा ते शिकवलं. त्याच्यामागून कॉलनीतले सगळे आले. पुढे मी त्या बाकड्यावर तेवीस वर्षं बसले. घाटासाठी गाडी घेऊन कुणी आलं की मामंजी म्हणायचे, "आमच्या सूनबाईकडं जा. तिचं कदी चुकत नाय."

असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले, माझ्या नवऱ्यापुढे, सासूबाईंपुढे, गिऱ्हाइकांपुढे. मी प्रत्येक वेळी खाली बघून स्क्रू पिळत बसायचे. चढाची जोडी सोडायला मी विसरले होते हे त्यांनी कुणालाही, एकदाही सांगितलं नाही. आज ते नाहीत, म्हणून मीच सांगून टाकते.